चांगलं-वाईट आपल्याला कळतं तरी कुठून?

नवीपेठकर:
परवा शेंगाचटणी घ्यायला थांबलो होतो, माझ्या पुढे आठ-नऊ वर्षांचं पोरगं. दुकानदारानं गर्दीच्या घाईत पन्नासच्या जागी शंभरची नोट परत दिली. पोरानं नोट उलटसुलट बघितली, दोन पावलं गेलं आणि मागं फिरून म्हणालं काका जास्त दिले. दुकानदाराला तर पत्ताच नव्हता. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय, हे त्याला घरात शिकवलं म्हणून कळलं का आतूनच आलं? जुन्या विचारवंतांनी यावर काय सांगितलंय, वाचलेल्यांनी जरा नीट लिहा.

होटगीरोड:
चीनमध्ये यावर २३०० वर्षांपूर्वीपासून वाद आहे. मेन्शियस हा तिथला जुना तत्त्वज्ञ म्हणतो, लहान मूल विहिरीत पडतंय असं दिसलं की कुणाच्याही पोटात धस्स होतं, आणि ते त्याच्या आईबापाकडून काही मिळवायचं म्हणून नाही की गावात नाव व्हावं म्हणून नाही. हा दयेचा कोंब, तसेच लाज, नम्रता आणि बरंवाईट ओळखणं, असे चार कोंब प्रत्येकात असतात पण जोपासले नाहीत तर वाढत नाहीत. त्याच्यानंतरचा शुनत्झु एकदम उलट, माणूस मुळात स्वार्थी, चांगुलपणा शिस्तीनं आणि गुरूमुळे येतो. तरी रस्त्यावरचा कुणीही माणूस संत होऊ शकतो असं तोही म्हणतो, आणि मला तर हेच लय मोठं वाटतं.

बाळीवेस:
आपल्याकडं मुख्य भांडण प्रमाण कशाला मानायचं यावर झालं. मीमांसक, म्हणजे वेदातल्या आज्ञांचा अर्थ लावणारे जुने पंडित, म्हणतात धर्म डोळ्यांना दिसत नाही, तर्कानंही सापडत नाही, तो वेदाच्या आज्ञेतूनच कळतो. बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितलं की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो एवढ्यावर मानू नका, लोभ-द्वेष-मोहातून केलेल्याचं काय होतं ते स्वतः बघा. आणि आपले तुकोबा, 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता'. माझं मत तिकडंच.

होटगीरोड:
@बाळीवेस पण अस्पृश्यता पाळणाऱ्यांचं मनसुद्धा त्यांना बरोबरच आहे म्हणून ग्वाही देत होतं ना? मन ज्या घरात वाढतं तसं बनतं. म्हणून जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्ये वेगळी कसोटी दिली, तुम्ही ज्या नियमानं वागताय तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुम्हाला म्हणता येईल का.

बाळीवेस:
मान्य, नुसतं मन पुरत नाही, म्हणूनच तुकोबा बहुमताला नाही म्हणतात, आजूबाजूचे काय मानतात ते बाजूला ठेवून मनाला विचारायचं असतं. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेद नाकारला तो चारचौघांच्या विरोधात जाऊनच, आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्यांच्याच शरण, म्हणजे शिवभक्तांच्या, चळवळीतले. आणि कांटची कसोटी बरोबर असली तरी त्या पोरानं एवढा हिशोब केला असेल असं मला नाही वाटत. तिथं अ‍ॅरिस्टॉटल जास्त जवळचा, तो म्हणतो सद्गुण निसर्गानं येत नाहीत आणि निसर्गाच्या विरुद्धही नाहीत, ते घेण्याची ताकद आपल्यात असते आणि सवयीनं ते पक्के होतात, न्यायानं वागत वागतच माणूस न्यायी होतो.

नवीपेठकर:
म्हणजे आतूनही आणि घरातूनही. मग ज्या पोराच्या घरात ‘दिले तर घे गप’ असं शिकवतात त्याचं काय, मेन्शियसचा कोंब तिथं टिकतो का? यावर कुणी वाचलं असेल तर लिहा.