नववीतली मुलं स्कूटी घेऊन क्लासला येतात, कसं समजवायचं?

शिक्षिका_सातारा: वर्गातली काही पोरं सर्रास ट्रिपल सीट येतात. रागावलं की 'हो मॅडम' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी शाळेऐवजी पलीकडच्या गल्लीत लावतात. निर्णय जबाबदारीने घ्यायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बाबा४२: आधी पालकांना बोलवा, चावी तेच देतात ना! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

गणितवाला: दंडाची भीती नाका ओलांडेपर्यंतच टिकते हो. मी वर्गात प्रसंग करून घेतो, एकजण म्हणणार 'चल बस मागे, पाचच मिनिटं', दुसऱ्याने नाही म्हणायचं पण दोस्ती न तोडता. पहिल्यांदा सगळे नुसते हसतात, मग एखादा म्हणतो 'तू हो पुढे, मी सायकलने आलोच', आणि बाकीचे तेच वाक्य उचलतात. पोरांना चूक-बरोबर कळतं, ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

आई_कराड: १६ ला लायसन मिळतं ना पण?

बाबा४२: बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच ताई, घरची स्कूटी ११०-१२५ ची असते.

शिक्षिका_सातारा: प्रसंगाचं शनिवारी करून बघते. पालकसभेत २५ वर्षांचा मुद्दा मात्र आवर्जून सांगणार, तो बहुतेकांना माहीतच नसेल.