लाकडी रॅकेटच्या काळातलं विमेन्स टेनिस: नक्की बघायचं काय?

टॉपस्पिनवाला: हल्ली जुन्या मॅचेसच्या क्लिप्स बघतोय, ७० च्या दशकातल्या वगैरे. खरं सांगू का, मला सगळं स्लो वाटतं. सर्व्ह म्हणजे नुसती आत ढकलल्यासारखी, आणि क्रिस एव्हर्टची एक मॅच लावली तर हा कोपरा तो कोपरा चाललंय चाललंय, मी पुढे पळवली. पण जुनी जाणती मंडळी म्हणतात खरं टेनिस तेच. यात खरंच काही आहे की नुसते जुने दिवस आठवून उसासे?

गवताळ: बॉलकडे बघतोयस म्हणून स्लो वाटतंय, बाईच्या पायांकडे बघ. लाकडी रॅकेटचं डोकं साधारण ६५ चौरस इंचांचं, आत्ताच्या धरल्या तर १०० च्या आसपास, वर ती जड, आणि स्वीट स्पॉट, म्हणजे तारांचा जिथे बॉल नीट बसतो तो मधला भाग, एवढासा. जरा उशीर झाला की बॉल फ्रेमला लागून भलतीकडे. आजच्यासारखं मनगट फिरवून जोरात टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरवणारी फिरकी) मारायला जाशील तर तारांना जागाच पुरत नाही, म्हणून मग फ्लॅट (बिनफिरकीचा) नाहीतर स्लाइस (खालून कापून उलटी फिरकी), आणि पूर्ण शरीर वळवून, वजन पुढे टाकून मारायचं. त्यात १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर, गवतावर स्लाइस उसळतच नाही, समोरची वाकून कसाबसा बॉल उचलते आणि तोवर ही नेटवर हजर. म्हणजे पॉइंट दोन शॉट आधीच ठरलेला असतो, ते एकदा दिसायला लागलं की स्लो वाटत नाही. इव्हॉन गुलागाँगपासून सुरुवात कर. १९८० ची विम्बल्डन फायनल, एव्हर्टला हरवलं ६-१, ७-६. पहिलं विम्बल्डन १९७१ चं, हे दुसरं नऊ वर्षांनी, मधे मुलगी झालेली. आई झाल्यावर तिथे सिंगल्स जिंकणारी तिच्याआधीची बाई १९१४ सालची! तिचा बॅकहँड स्लाइस बघ, घाई नावाची गोष्टच नाही.

बेसलाइनबाई: एव्हर्ट पुळचट वाटली म्हणणाऱ्याशी मी भांडणारच 😄 ऑगस्ट १९७३ ते मे १९७९, क्ले (मातीच्या) कोर्टवर सलग १२५ मॅचेस जिंकल्यात तिने, तेव्हा कुठे रोममध्ये ट्रेसी ऑस्टिनने हरवलं. आणि ते लाकडी रॅकेटने. तू जे हा कोपरा तो कोपरा म्हणतोस ना, त्यात प्रत्येक वेळी बॉल लाइनच्या जवळ पडतोय आणि चूक होत नाहीये, कधी करून बघ. एक युक्ती सांगते, आवाज बंद कर आणि अख्खा एक गेम फक्त तिच्याकडेच बघ, बॉल नेटच्या पलीकडे असतानाच ती पोझिशनमध्ये येऊन थांबलेली असते.

डावखुरा७७: टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की एका जादा गेममध्ये निकाल लावायची पद्धत) नसतानाची एक बघाच, १९७० ची विम्बल्डन फायनल. मार्गारेट कोर्ट वि. बिली जीन किंग, १४-१२, ११-९. दोनच सेट पण ४६ गेम्स, जवळपास अडीच तास. कोर्टचा घोटा दुखावलेला, किंगचा गुडघा, आणि तरी दोघी सर्व्ह मारून नेटकडे धावतायत. त्याच वर्षी कोर्टने चारही स्लॅम जिंकली. पुढच्या वर्षीपासून विम्बल्डनला टायब्रेक आला, तोही ८-८ गेम्स झाल्यावर.

सडेतोड: सगळंच डोक्यावर घेऊ नका हो. टॉपच्या चार-पाच जणी सोडल्या तर खाली दर्जा पटकन घसरायचा, सुरुवातीच्या राउंड्समध्ये ६-०, ६-१ सर्रास. फायनल आणि सेमीच बघा, बाकी सोडा. आणि लाकूड गेल्याने खेळ बिघडला हेही मला पटत नाही. १९७८ ची यूएस ओपन फायनल बघा, १६ वर्षांची पॅम श्रायव्हर मोठ्या डोक्याची प्रिन्स कंपनीची रॅकेट घेऊन आलेली, समोर लाकडीवाली एव्हर्ट. जिंकली एव्हर्टच, ७-५, ६-४, पण व्हॉलीला (बॉल टप्पा पडायच्या आत मारताना) ती मोठी रॅकेट किती कामाला येते ते तिथेच दिसतं. हे होणारच होतं.

टॉपस्पिनवाला: आवाज बंद करून बघितलं, गुलागाँगची. पहिल्या सेटमध्ये एव्हर्टला सूरच सापडत नाहीये, आणि समोरची फार काही करतेय असं वाटतही नाही. एक विचारायचं होतं, स्लाइस करताना ती ग्रिप बदलत नाही का?

गवताळ: गवतावरच्या बऱ्याच जणी कॉन्टिनेंटल ग्रिपवरच (हातोडी धरतात तशी पकड) सगळं भागवायच्या, सर्व्ह, व्हॉली, स्लाइस. नेटवर ग्रिप बदलायला वेळ कुठे असतो. त्याची किंमत फोरहँडला मोजायला लागायची, खांद्याच्या वर आलेला बॉल त्या ग्रिपने जोरात मारता येत नाही. पुढची १९७८ ची विम्बल्डन फायनल लाव, मार्टिना नवरातिलोवाचं पहिलं विम्बल्डन, २-६, ६-४, ७-५. डावखुरी सर्व्ह बॅकहँडला बाहेर नेऊन ती मागोमाग नेटवर कशी येते ते बघ, मग बोलू.