ठाणे ते हर्णै सागरी मार्ग: सायकलवर न्यायला तंबू कोणता घ्यावा?

नौपाडा_टू_नदी

डिसेंबरमध्ये पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून जेट्टीने दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडला–वेसवी, केळशी, हर्णै असा बेत आहे. एकटाच. पाच रात्री, त्यातल्या तीन तरी तंबूत काढायच्या आहेत. उंची ५ फूट १० इंच. ड्रॉप हँडल (टोकं खाली वळलेलं) ४२ सेमीचं, मागे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २० लिटरच्या दोन पिशव्या, म्हणजे पॅनिअर. पुढे फक्त स्ट्रॅपने बांधता येईल. बजेट १२ हजारांच्या आत.

दुकानात सगळे "३००० एमएम वॉटरप्रूफ" यावरच भर देतात. तेवढं लागतं का? एकमाणशी घ्यावा की दोनमाणशी? आणि काठ्या फायबरच्या चालतील का?

पाचपाखाडी_पेडल

तो आकडा म्हणजे कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला की पाणी पाझरायला लागतं, एवढंच. फ्लायला, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या कापडाला, १५०० पुरतं. तळाला जास्त हवं, कारण तिथे गुडघा, कोपर टेकलं की दाब वाढतो. ३०००च्या पुढे असेल तर उत्तम.

डिसेंबरात कोकणात तुम्हाला भिजवणार ते दव. रात्री उघड्या आभाळाखाली फ्लाय हवेपेक्षा थंड पडतो आणि खाऱ्या, दमट हवेतलं आणि तुमच्या श्वासातलं पाणी त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतं. पहाटे तीनला लोकांना वाटतं तंबू गळतोय. सिंगल वॉल, म्हणजे एकाच कापडाचा तंबू म्हणूनच इथे नको. आतला तंबू वेगळा, बराचसा बारीक जाळीचा, फ्लायपासून निदान चार बोटं लांब, आणि फ्लायला वर झडप असलेला बघा. जाळी साध्या मच्छरदाणीपेक्षा बारीक हवी, नाहीतर किनाऱ्यावरची चिलटं आरामात आत येतात.

जागा मोकळ्या वाळूपेक्षा सुरूच्या बनात घेतलीत तर दव बरंच कमी जाणवेल. नारळाखाली मात्र नाही. नारळ सोडा, वाळलेली झावळी पडली तरी काठी मोडते.

ऐरोलीचा_स्पोक

वरच्यांशी सहमत, पण सायकलवाल्याने वजनाच्याही आधी घडी घातलेल्या काठीची लांबी बघावी. ४२चं ड्रॉप हँडल असलं तरी दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि आत वळणारे शिफ्टर (गिअरचे खटके) धरले की पुढे ३५ सेमीच्या आसपास जागा उरते. बहुतेक तंबूंच्या काठ्या घडी करून ४० ते ५० सेमी भरतात. ३० सेमीच्या घडीचे खास सायकलचे तंबू असतात, पण ते तुमच्या बजेटच्या बरेच वर जातात. त्यामुळे काठ्या वेगळ्या काढा, जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घाला आणि कॅरिअरवर लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांना स्ट्रॅप मारा. फ्लाय पुढे हँडलला, कारण तो ओला असणार. आतला तंबू पॅनिअरमध्ये, कोरडा.

एकमाणशी की दोनमाणशी? दोनमाणशी घ्या. ५-१०ला आतली लांबी २१० सेमी लागते. ७ सेमी जाडीची फुगवायची मॅट घातली की डोकं आणि पाय उतरत्या कापडाला टेकतात, आणि कापड ओलं असतं. शिवाय पॅनिअर रात्री बाहेर ठेवायचे नसतात. फरक ३०० ते ५०० ग्रॅमचा.

फायबर नको. ती सांध्यापाशी उभी चिरते आणि चिरलेली काठी कापडात घुसते. ॲल्युमिनियम आधी वाकतं, मोडायच्या आत कळतं. सोबत ८ सेमीची दुरुस्तीची नळी ठेवा, काठीवर जेमतेम सरकेल अशी: मोडलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्ही बाजूंना टेप. काठी घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर ताण सारखा बसतो.

ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू हलके असतात म्हणून कोणी सुचवेल. सायकलवर पोल कशाला न्यायचे?

सुरूचं_बन

वाळूचं कोणीच बोललं नाही. तंबूबरोबर येणाऱ्या १५-१८ सेमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत लोण्यातल्या सुरीसारख्या निघतात. खुंटी आडवी पुरायची. हातभर नव्हे, ३० सेमी पुरे, एवढा चर खणा. दोर खुंटीच्या बरोबर मध्यावर बांधा, खुंटी दोराच्या ताणाला काटकोनात ठेवा, वाळू लोटा, पायाने दाबा, वरून बाटलीभर समुद्राचं पाणी. खुंट्या कमी पडल्या तर कापडी पिशवीत वाळू भरून तीच पुरा. चार कोपरे, फ्लायच्या पुढ्यातल्या पडवीचे दोन आणि वाऱ्याच्या बाजूचे दोन, असे आठ टेकू लागतील.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, उलटं. जांभ्यात खुंटी जातच नाही, ठोकलीत तर वाकते. तिथे दोर छोट्या दगडाला बांधून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड अडवा. म्हणून २ मिमीच्या दोरीचे दोन-दोन मीटरचे सहा तुकडे जास्तीचे न्या. अशा दोन्ही जमिनींसाठी काठ्यांवर आपला आपण उभा राहणारा तंबूच बरा. क्लाउड अप २सारखे तंबू अर्धेच स्वतः उभे राहतात, पायाकडचे दोन कोपरे ताणावेच लागतात. वाईट नाहीत, पण हे माहीत असू द्या.

भरतीची रेषा वाळलेल्या शेवाळावरून ओळखा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण त्याच्याही वर येतं हे धरून चाला. जागेसाठी वाडीवाल्याला किंवा घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना विचारा. अंगण आणि विहिरीचं पाणी दोन्ही मिळतं. ते पाणी झिपसाठीही लागेल. झिपमधली वाळू आधी ब्रशने कोरडी झाडा, मग गोड्या पाण्याने धुवा. तेल नको, वाळू चिकटते.

नौपाडा_टू_नदी

खूप धन्यवाद. खारघरला एक वापरलेला दोनमाणशी मिळतोय. ॲल्युमिनियम काठ्या, २.१ किलो, पॉलिएस्टर, चार वर्षं जुना. "फक्त दोनदा वापरलाय" म्हणतात. बघताना काय तपासू?

पाचपाखाडी_पेडल

"दोनदा वापरलाय" हीच भीती. उरलेला वेळ तो पिशवीत कोंबून माळ्यावर पडला असेल, आणि चार पावसाळे! कापडाला आतून पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असतो, तो दमट हवेने कुजतो. फ्लायची आतली बाजू दोन बोटांत चोळून सोडा: चिकटली किंवा आंबूस वास आला तर नमस्कार करून निघा, त्याला उपाय नाही. तळ झटकून बघा, पांढरे पापुद्रे पडतात का. शिवणीवरची टेप नखाने उचलते का तेही पाहा. फक्त टेप सुटली असेल तर शिवणीला सीलर लावून भागतं. झिप बंद केल्यावर मागून उघडत असेल तर स्लायडर पक्कडने किंचित दाबला की बहुधा काम होतं, त्याचे पैसे कमी करून घ्या.

घेतलात तर पुढे तो पिशवीत ठेवू नका. उशीच्या सुती अभ्र्यात सैल कोंबून कपाटात, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पंख्याखाली पसरा.

ऐरोलीचा_स्पोक

निघण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर एकदा लावून बघा. येऊरला जाऊन करू नका, ते राष्ट्रीय उद्यानात येतं. गच्चीवर खुंट्या नाहीत, तेव्हा ५ लिटरचे पाण्याचे कॅन कोपऱ्यांना बांधा. पाइपने १५ मिनिटं पाणी मारा, आत टिश्यू पेपर पसरून ठेवा, कुठली शिवण गळते ते लगेच दिसेल. एकदा अंधारात, हेडलाइटवरही लावून बघा, कारण केळशीला पोचेपर्यंत बहुतेक अंधारच होतो.