सहा वर्षं सात महिने काम केलं, आता पैसे देत नाहीयेत. केस टाकू का सोडून देऊ?

पीएलसीवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा प्लीज. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत होतो, नाव घेत नाही. जानेवारी 2019 ला लागलो, ऑगस्ट 2025 ला सोडली, रीतसर राजीनामा देऊन, नोटीस पिरियड पूर्ण करून. शेवटचे दोन पगार होल्डवर टाकले ते आजतागायत, 58 हजारांप्रमाणे 1 लाख 16 हजार होतात, वर ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजा वेगळी. एचआर मॅडम आधी म्हणाल्या हँडओव्हर अपूर्ण आहे, मग म्हणाल्या सर बाहेरगावी आहेत, आता फोनच उचलत नाहीत. मागच्या आठवड्यात साहेबांचा स्वतः फोन, की 90 हजार घे, "माझं काही येणं बाकी नाही" असं लिहून दे आणि विषय संपव.

खरं सांगू का, याच माणसाने मला फ्रेशर असताना घेतलं, प्रोग्रामिंग शेजारी बसून शिकवलं, माझ्या लग्नाला बायको-मुलांसकट आले होते. त्यामुळे नोटीस पाठवायची म्हटलं की हात मागे येतो. वडील म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बायको म्हणते तुम्ही रात्री दोन-दोनला साईटवरून येत होता ते कशासाठी. आता मी चाकणला आहे आणि या लाईनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या नवीन कंपनीत कळलं की हा केस करणारा आहे तर? काय करू?

कोथरूडचे_काका:
90 घे आणि मोकळा हो बाळा. मी असाच इरेला पेटून गेलो होतो, सहा वर्षं तारखा केल्या, प्रत्येक तारखेला एक सुट्टी, शेवटी निकाल माझ्या बाजूने लागला तोवर कंपनीचं शटर पडलेलं. निकालाची कॉपी अजून कपाटात आहे, बघितली की बीपी वाढतं.

चिंचवडी:
काका बरोबर असतील पण 90 म्हणजे दोन पगार पण होत नाहीत हो. मी ऐकलंय एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या ट्रिब्युनलमध्ये, केस टाकली की मालक दुसऱ्या दिवशी पैसे देतो.

फाईलवाली:
एनसीएलटी विसरा, तिथे 2020 पासून थकबाकी किमान एक कोटी लागते, एकट्या कामगाराचं ते काम नाही.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी: मी लेबर कन्सल्टंटकडे बारा वर्षं फाईली करते, जास्त करून मालकांच्या बाजूच्या, तेव्हा त्या टेबलावर काय चालतं ते माहितीये. तुमची गडबड एवढीच की तुम्ही पगार, रजा आणि ग्रॅच्युइटी सगळं एकाच पिशवीत घातलंय आणि त्या पिशवीला "केस" म्हणताय. ग्रॅच्युइटी बाजूला काढा आधी. तुम्ही ऑगस्टमध्ये सोडलीत म्हणजे नोव्हेंबर 2025 चे नवीन लेबर कोड यायच्या आधी, म्हणून 1972 चा जुना कायदा धरा. त्यात शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची सहा नाही, सात वर्षं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती होतं? समजा 32 हजार असेल तर भागिले 26, गुणिले 15, गुणिले 7, साधारण 1 लाख 29 हजार. एकट्या ग्रॅच्युइटीचे! आता 90 हजारांची ऑफर परत वाचा.

आणि हँडओव्हरचं कारण ग्रॅच्युइटीला चालत नाही. ती अडवायची तर माणसाला गैरवर्तन किंवा नुकसान केलं म्हणून नोकरीवरून काढलेलं असावं लागतं, तुम्ही तर राजीनामा दिलाय. तीस दिवसांत द्यायची असते, नाहीतर वर 10 टक्के साधं व्याज. फॉर्म आय, म्हणजे ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज, भरून कंपनीत द्या, मुदतीनंतर दिला म्हणून हक्क जात नाही. नाही दिली तर कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, फॉर्म एन, तिकडे मात्र रेंगाळू नका, उशिराचं कारण लिहावं लागतं. "काही येणं नाही" लिहून दिलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क त्याने संपत नाही, पण सही केलेला कागद समोर आला की पुढे उगाच वर्षभर त्यावरच वाद, म्हणून सही नकोच.

पगाराचं वेगळं. वाकडेवाडीला मुंबई-पुणे रोडवर कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार द्या, ते कंपनीला बोलावतात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात कारण मालकाला सरकारी लेटरहेड घरी आलेलं आवडत नाही. तुम्ही कायद्याने "कामगार" ठरता का, त्यासाठी पद सीनियर इंजिनियर का मॅनेजर त्यावर जाऊ नका, प्रत्यक्ष काम काय करत होतात ते बघतात, स्वतः पॅनेलसमोर बसून प्रोग्राम करत असाल तर ते टेक्निकल काम. कामगार नाहीच ठरलात तर दिवाणी कोर्ट, त्याला पैसे देणं लागल्यापासून तीन वर्षं. म्हणजे वेळ आहे, पण घड्याळ चालू आहे.

पीएलसीवाला_भोसरी:
मॅडम खूप थँक्यू, बेसिक 32 च आहे, तुम्हाला कसं कळलं 😅 एक गोष्ट सांगायची राहिली. कंपनीचा लॅपटॉप अजून माझ्याकडेच आहे. मी म्हटलं पैसे दिले की देईन. तेवढंच एक माझ्या हातात आहे ना.

फाईलवाली:
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं.

हडपसर_एक्सप्रेस:
भावा तो लॅपटॉप उद्याच्या उद्या दे. माझ्या मित्राने हेच केलं, कंपनीने पोलिसात विश्वासघाताची तक्रार टाकली, पगाराचा विषय राहिला बाजूला आणि हा चौकीत उभा. तुझ्याकडे आहे ते शस्त्र नाही, त्यांच्याकडचं कोलीत आहे. देताना कागदावर सिरीयल नंबर लिही, चार्जर, माऊस सगळं लिही आणि शिक्का घे. सही देत नसतील तर मेल टाकून स्पीड पोस्टाने पाठव, पावतीवर वजन येऊ दे, आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही 2025 पासून, त्यात विलीन झालंय, डिलिव्हरीचा पुरावा मागून घे.

आणि लाईनमध्ये नाव खराब होईल म्हणतोस ना, भोसरीत पगार थकवणाऱ्याचं नाव आधीच चहाच्या टपरीवर झालेलं असतं.

कोथरूडचे_काका:
हे मात्र पटलं. लॅपटॉप आधी दे. आणि फॉर्म भरायचाच असेल तर भर बाबा, तो काही माझ्यासारखा सहा वर्षांचा प्रकार दिसत नाही.

पीएलसीवाला_भोसरी:
अपडेट. काल हाफ डे टाकून गेलो. लॅपटॉप स्टोअरच्या पोऱ्याने घेतला, सिरीयल नंबर जुळवून इनवर्डला शिक्का मारून दिला. ग्रॅच्युइटीचा फॉर्म पण तिथेच दिला, एचआर मॅडम शिक्का मारायला दहा मिनिटं आत-बाहेर करत होत्या. साहेब केबिनमध्येच होते, काचेतून दिसत होते, बाहेर आले नाहीत. पण चहा पाठवला, माझ्या सवयीचा, बिनसाखरेचा. मी प्यायलो आणि निघालो. वाईट वाटलं पण फॉर्म परत नाही घेतला.

पगारासाठी वाकडेवाडीला सोमवारी जातोय. ऑफर लेटर आहे, राजीनाम्याचा मेल आहे, पण कंपनीचं पोर्टल बंद केलंय माझं, त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांच्या स्लिपा नाहीत. काय जोडू?

फाईलवाली:
बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म 16, पीएफचं पासबुक. मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्सचे दोन सेट करा आणि एकावर पोच घ्या. अकराच्या आत पोहोचा.