बाळ आल्यापासून मोठीचं सगळं उलटं सुरू झालंय, तुमच्याकडे असं झालं होतं का?

अबोली_राजेंद्रनगर:

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. रात्रीचे पावणेदोन झालेत, धाकटा आत्ताच दूध पिऊन झोपलाय आणि मला मात्र झोप येत नाहीये.

मोठी साडेतीन वर्षांची, घरात तिला चिमी म्हणतो. धाकटा अडीच महिन्यांचा. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरमधे राहतो, नवऱ्याची नोकरी पीथमपूरला, सकाळी सहाला कंपनीची बस. बाळंतपणाला आई आली होती, सव्वा महिना राहून उज्जैनला परत गेली, बाबांचं पण तिलाच बघावं लागतं. म्हणजे दिवसभर घरात मी आणि ही दोघं.

चिमीचा डायपर सुटून वर्ष झालं होतं, रात्रीची गादीसुद्धा सहा-सात महिन्यांत कधी ओली झाली नव्हती. आता तीन आठवडे झाले, रोज पहाटे गादी ओली. त्यात ही थंडी, गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही. स्वतःच्या हाताने जेवणारी पोर आता भरव म्हणते, मी भरवायला बसले की बाळ रडतं, मी उठले की ती ताटली ढकलून देते, मग वरण-भात फरशीवर आणि मी पोछा घेऊन. बोलणं पण परत बोबडं झालंय. प्ले स्कूलच्या गेटवर माझी ओढणी सोडत नाही.

परवा मी कुकर बंद करायला आत गेले, दोन मिनिटं फक्त, आणि बाळ किंचाळलं. येऊन बघते तर दंडावर चिमट्याची लाल खूण. मी चिमीच्या पाठीत धपाटा घातला. आजवर कधीच हात उचलला नव्हता. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, याला दवाखान्यात परत देऊन येऊ ना." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आणि हीच मुलगी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की पाळण्याशी धावत जाते आणि बाळाला समजावते की ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. लसीच्या दिवशी त्याच्या मांडीवर इतकी फुंकर घालत होती की सिस्टर पण थांबून बघायला लागल्या. मग चिमटा का काढते?

हे किती दिवस चालतं? गादीसाठी डॉक्टरांना दाखवायचं का? आणि संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण करायचं सासूबाईंच्या मनात आहे, देवासहून सगळे येतील, सगळे त्याच्याच भोवती असतील आणि चिमी कोपऱ्यात, असं मला आत्तापासून दिसतंय. करू का नको?

काकू_मल्हारगंज:

अबोली, बाळा, आधी त्या धपाट्याचं सांगते. उद्या सकाळी तिला मांडीवर घे आणि सरळ सांग की आईचं चुकलं, मारायला नको होतं, पण बाळाला दुखवू पण द्यायची नाही. लेकराची माफी मागण्यात काही कमीपणा नाही. मी हे फार उशिरा शिकले.

माझं सासर मल्हारगंजच्या वाड्यात, चौदा माणसं होती घरात. आता सगळे म्हणतात एकत्र कुटुंबात मुलं आपोआप मोठी व्हायची, तसं काही नव्हतं ग. धाकटा झाला तेव्हा मोठा तीन वर्षांचा, आत्याजवळ झोपायचा, आजोबांबरोबर राजवाड्यापर्यंत फिरून यायचा, तरी वर्षभर अंगठा चोखत होता. एक दिवस सापडेना, सगळा वाडा पालथा घातला, तर पलंगाखाली त्याची जुनी झबली आणि दुपटं कवटाळून झोपलेला. आम्ही ते सगळं पेटीतून काढून बाळाला घातलं होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांच्या मुलाला काय विचारायचं, असं वाटलं होतं आम्हाला.

तुझ्याकडे चिमीचंच दुपटं, तिचीच झबली वापरात असतील. तिच्यासमोर ती पेटी उघड, यातलं बाळाला काय द्यायचं आणि तुझं काय ठेवायचं, ते तिला निवडू दे. जे ठेवेल ते तिचं, मग ते कितीही लहान होत असो.

आणि घरातल्या सगळ्यांना सांग, "आता तू मोठी झालीस" हे वाक्य बंद. दिवसात दहा वेळा ऐकत असेल ती. मोठं होऊन तिला काय मिळालं? आईची मांडी गेली, एवढंच.

दोन_मुलींचा_बाबा:

ताई, आमच्याकडे सेम झालं होतं, मोठी तेव्हा चार वर्षांची. मिसेसचं सिझेरियन, उचलायला मनाई, त्यामुळे मोठीला कडेवर घेणंच एकदम बंद झालं आणि ती आईशी बोलेचना.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रविवारी सकाळी फक्त मी आणि मोठी, स्कूटरवर, पोहे-जलेबी खायला. मोबाईल घरी. ती पोह्यांवरची शेव वेचून खायची, वरचा जिरावन मसाला तिखट लागला की जलेबीचा तुकडा, चांगला पाऊण तास आमचा यात जायचा. शिकवण नाही, बाळाचा विषय नाही. तिला विषय काढायचा असेल तर काढू दे, आपण काढायचा नाही. दुसरं म्हणजे संध्याकाळी मी घरी आलो की बाळ माझ्याकडे, आणि मोठी आणि तिची आई खोलीत, दार लोटून, पंधरा मिनिटं. बाळ रडलं तरी दार उघडायचं नाही, मी बाहेर झुलवत फिरायचो. दाराआडून दोघींचं हसू ऐकू आलं तो दिवस मला अजून लक्षात आहे. नवऱ्याला माझी ही पोस्ट दाखवा प्लीज, पीथमपूरहून थकून येतात मान्य आहे, मी पण यायचो, पण बाळाला फिरवणं आपल्याला जमतं हो.

गादीसाठी: प्लास्टिक शीट, त्यावर चादर, त्यावर परत प्लास्टिक शीट आणि चादर. पहाटे ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं तयार असतं. लाईट लावायचा नाही, बोलायचं नाही, झोपवायचं.

शिशुवर्ग_ताई:

मी १४ वर्षं लहान मुलांच्या वर्गावर आहे. दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतातच, घरी बाळ आलं की वर्गात परत बोबडं बोलणं, चड्डीत शू, गेटवर रडारड. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, काहींना जास्त महिने लागतात. ती लाडावलेली नाही आणि मुद्दाम करत नाही. बाळ रडलं की आई धावते हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, मग ती बाळासारखं करून बघते. चिमटा आणि फुंकर, दोन्ही खरंच तिचंच आहे. फक्त दोघांना एकटं ठेवू नका, दोन मिनिटं पण नाही, कुकर बंद करायचा असेल तर चिमीला सोबत आत न्या.

डॉक्टरांचं: पाच वर्षांच्या आत रात्री गादी ओली होणं हा आजार मानत नाहीत. पण तुमची आधी कोरडी राहत होती आणि आता परत सुरू झालंय, म्हणून एकदा दाखवाच. लघवीला जळजळ, सारखं सारखं जाणं, खूप तहान, शी कडक होणं, यातलं काही असेल तर लगेच. बद्धकोष्ठाचा आणि गादीचा संबंध आपल्या लक्षात येत नाही, पण आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि मूल रात्रीचं धरू शकत नाही.

बाळाला पाजताना मोठीचं काय करायचं, खरी अडचण तिथे असते. एक टोपली करा, ती फक्त पाजायच्या वेळेलाच उघडायची. कापडाचे रंगीत तुकडे, लाकडी चमचे, मोठे खडू, जुनी लग्नपत्रिका, असं काहीही. बहुतेक घरांत त्या वेळी मोबाईल हातात येतो, मी कुणाला दोष देत नाही, पण आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला १ तासाच्या आतच सांगते, आणि बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पितं, तेव्हा हिशोब करून बघा. भरव म्हणाली तर भरवा, भांडू नका.

बोरन्हाण जरूर करा, दोघांचं करा! पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं करतातच, चिमीला पण काळे कपडे आणि हलव्याचे दागिने. बाळाच्या डोक्यावर फक्त चुरमुरे, ते पण तिच्या हाताने. शेंगदाणे, हलवा आणि बोरांच्या बिया यांच्याकडे मात्र लक्ष ठेवा, लहान मुलांच्या घशात अडकतात, आणि अशा गर्दीत नेमकं तेच कुणी बघत नाही.

नेहा_बडोदा:

सगळ्यांनी चिमीचं लिहिलंय, मला तुझ्याबद्दल विचारायचंय. बाळ झोपल्यावरही तुला झोप येत नाही असं तू पहिल्याच ओळींमधे लिहिलंयस. रोज असं होतं का? माझं दुसऱ्या वेळेला असंच सुरू झालं होतं, दोन्ही मुलं झोपलेली आणि मी छताकडे बघत. वडोदऱ्यात माझ्या शेजारच्या बेननी नवऱ्याला सांगितलं, मी स्वतःहून कधी सांगितलं नसतं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येतं, ते आपोआप जातं. त्याच्यापुढे पण राहिलं, झोप नाही, कशात मन नाही, आपण वाईट आई आहोत असं सारखं वाटतं, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो, मी झाले. डॉक्टरांनी १० प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता, पाच मिनिटांचं काम. मनाच्या त्रासासाठी टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण लागतो आणि मराठीत पण बोलतात. आजच कर असं नाही म्हणत, पण नंबर जवळ असू दे. आणि आईला उज्जैनहून आठ दिवस बोलाव ना, बाबांना पण सोबतच घेऊन यायला सांग.

अबोली_राजेंद्रनगर:

नेहा, तुझं वाचून रडले आणि मग नवऱ्याला उठवून वाचायला दिलं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार रात्री होतं. बाकी सगळ्यांना उद्या सविस्तर लिहिते, काकू तुमची पलंगाखालची गोष्ट मी आईला फोनवर वाचून दाखवली.

अबोली_राजेंद्रनगर:

उद्या म्हणाले आणि तीन आठवडे गेले, सॉरी. आई-बाबा दोघं येऊन दहा दिवस राहिले. मी डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी झोपेचं सगळं नीट विचारलं, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळ नवऱ्याकडे, मला सलग चार तास मिळतात, एवढ्यानेही किती फरक पडतो.

चिमीची लघवीची तपासणी केली, त्यात काही नाही निघालं. पण शीचं तेच होतं! थंडीत पाणी पितच नव्हती, जेवण टाकून नुसतं दूध, पोट कडक. आता सकाळी कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. दोन थरांची आयडिया सुपर आहे, दादा थँक्यू. ती पाजतानाची टोपली पण चालली, जुन्या लग्नपत्रिका सगळ्यात आवडत्या निघाल्या, शेजाऱ्यांकडून अजून मागून आणल्यात.

पेटी उघडली. तिने सगळं बाळाला देऊन टाकलं आणि एक पिवळं टोपडं ठेवलं, ते आता बाहुलीला पण घालू देत नाही, उशीखाली असतं.

बोरन्हाण रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी केलं, दोघांचं. आधी चिमीला पाटावर बसवलं, देवासच्या सगळ्या मुलांनी तिच्यावरून पडलेली बोरं, उसाचे करवे लुटले, तिने स्वतः पण लुटले. मग बाळाला मांडीवर घेऊन मी बसले आणि चिमीने मूठभर चुरमुरे त्याच्या डोक्यावर सोडले. ते त्याच्या नाकावरून घरंगळले आणि तो तिच्याकडे बघून हसला, आवाज काढून, पहिल्यांदाच. माझ्याकडे पण असा कधी हसला नव्हता. ती एकदम स्तब्ध झाली, मग सासूबाईंना म्हणाली, "आजी, हा मला हसला."

त्याच्या वाटची बोरं तिने एका वाटीत वेगळी काढली. मी विचारलं कुणाची, तर म्हणाली याची, पण याला दात नाहीत म्हणून मी खाते. मी बसून बिया काढून दिल्या.

प्ले स्कूलच्या गेटवर अजून रडते. गादी काल ओली होती, आज कोरडी. बाळ उठलंय, जाते.