लघवीचं कल्चर निगेटिव्ह (तपासणीत जंतू नाहीत), तरी ओटीपोटात कळा... कोणाला अनुभव आहे का?

रातराणी:
दीड वर्ष झालं, लघवी साठत आली की ओटीपोटात कळा, जाऊन आलं की जरा बरं, तासाभरात परत तेच, रात्री पाच-सहा वेळा उठते. साबा (सासूबाई) म्हणतात उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी पी. ते झालं, अँटिबायोटिक्सचे चार कोर्स झाले, कल्चर दरवेळी निगेटिव्ह. आता नवीन युरॉलॉजिस्ट म्हणतात इंटरस्टिशियल सिस्टायटिस (जंतू नसताना मूत्राशयाचं जुनाट दुखणं) असेल, मूत्राशयात दुर्बिणीने बघू. घाबरलेय. गोळ्यांवर भागतं का?

चिंचगूळ:
अगं सेम स्टोरी! दुर्बीण करूनच घे, आत हनर लेशन म्हणजे लाल चट्टे निघाले तर इलाजच वेगळा, भूल देऊन ते जाळतात नाहीतर तिथेच स्टेरॉइडचं इंजेक्शन. माझ्यात नव्हते. मला रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ (हो, डिप्रेशनचीच गोळी, पण एवढ्याशा डोसात दुखण्यासाठी देतात, मेडिकलवाल्याने कसं बघितलं म्हणून सांगू), सकाळी तोंड कोरडं आणि डोळ्यांवर झापड, पण उठणं पाचावरून दोनावर आलं. आणि चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबू, चिंच, तिखट सगळं बंद करून मग एकेक चालू करून बघ, प्रत्येकीला वेगळं बाधतं. मला चिंच अजिबात चालत नाही, आयडी बघून हसू नकोस.

कट्टेकरी:
कीगल (लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम) करा, फुकट आहे.

फिजिओताई:
कीगल नको प्लीज!! यात बऱ्याच जणींचे ते स्नायू आधीच आवळलेले असतात, अजून आवळले तर दुखणं वाढेल. ते सैल करायला शिकवणारी पेल्विक फ्लोअर फिजिओ शोध.

निवांत५८:
मिसेसना पेन्टोसान पॉलिसल्फेट होतं, १०० मिग्रॅ दिवसातून तीनदा. खर्चिक प्रकरण, आणि फरक जाणवायला चार महिने गेले. ही गोळी वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या रेटिनावर परिणाम झाल्याच्या केसेस २०१८ पासून समोर आल्यात, तेव्हा सुरू करायच्या आधी डोळे तपासून घ्या, आम्हाला कोणी बोललं नव्हतं. पुढे कॅथेटरने (नळीने) लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, डीएमएसओ नावाचं औषध सोडलं, आठवड्यातून एकदा असं सहा वेळा. आराम पडला, पण प्रत्येक वेळी दोन दिवस अंगाला लसणाचा वास, शेजारीण विचारायची आज चटणी केलीय का. बोटॉक्स, नर्व्हचं मशीन वगैरे त्यानंतरच्या गोष्टी, आमची वेळ आली नाही.

रातराणी:
थँक्यू सगळ्यांना, रेटिनाचं लिहून ठेवलं. मंगळवारी दुर्बीण आहे. चहा आजपासून बंद. म्हणजे उद्यापासून, आत्ता आधण ठेवलंय.