घरी व्हिडिओ पाहून व्यायाम, की जिम, टेकडी, सूर्यनमस्कार? (वय ४४, गुडघादुखी, साखर सीमारेषेवर)

प्रश्न विचारणार: सहकारनगरकर

नमस्कार. मी पुण्यात राहते, नोकरी दिवसभर बसून करायची आहे. उंची ५ फूट १ इंच, वजन ६४ किलो. जूनमधल्या रक्ततपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.० आले. डॉक्टरांनी औषध दिले नाही. तीन महिने नियमित व्यायाम करा, रात्रीचे जेवण हलके ठेवा आणि पुन्हा तपासणी करून या, असे सांगितले.

त्यानंतर मी ६० दिवसांचा एक व्हिडिओ कार्यक्रम विकत घेतला. आठवड्यातून सहा दिवस, रोज २५ ते ३० मिनिटे व्यायाम, आणि कोणत्या दिवशी काय करायचे ते आधीच ठरलेले. पहिले दोन आठवडे मला तो मनापासून आवडला. पहाटे साडेपाचला उठून, कोणासमोर जायची तयारी न करता, दिवाणखान्यातच व्यायाम उरकता येतो आणि सव्वासहाला डब्याची कणीक मळायला घेता येते, ही सोय माझ्यासाठी फार मोठी आहे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र त्यात उड्यांचे प्रकार वाढले. आता जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास दुखते. शिवाय आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालच्या घरातल्या आजींची झोप माझ्या उड्यांमुळे मोडते, याचे मला वाईट वाटते.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. यजमान रोज पर्वती चढतात, ते म्हणतात माझ्याबरोबर चल. सासूबाई म्हणतात, बारा सूर्यनमस्कार नेमाने घाल, बाकी कशाची गरज नाही. मैत्रीण जिममध्ये जाते, पण तिथे वर्षभराची फी एकदम भरावी लागते. माझ्याकडे रोजची ४० मिनिटे आहेत. गुडघा आणि साखर दोन्ही लक्षात घेता या ४० मिनिटांत मी काय करावे? व्हिडिओ कार्यक्रम पूर्ण सोडून द्यावा का?

उत्तर १: फिजिओ नाशिक

सहकारनगरकर ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचे सर्व सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, चालताना एकाएकी दगा देत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर व्यायाम थांबवून आधी तपासून घ्या.

तुम्ही वर्णन केलेले दुखणे, म्हणजे वाटीभोवती आणि उतरताना जास्त, माझ्याकडे पहाटेचे व्यायाम नव्याने सुरू केलेल्या चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये वारंवार दिसते. बहुतेक वेळा गुडघा बिघडलेला नसतो. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू तयार होण्याआधीच त्याच्यावर भार वाढलेला असतो. जिना उतरताना वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, उडीवरून खाली येताना त्याहूनही जास्त. आपल्याकडे त्यात भर पडते ती फरशीची. हे कार्यक्रम बहुतेक लाकडी किंवा रबरी जमिनीवर, बूट घालून चित्रित केलेले असतात, आणि आपण ते अनवाणी, थेट व्हिट्रिफाइड टाइल्सवर करतो.

याच संदर्भात एक गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. अनेक व्हिडिओंवर ‘टाबाटा’ असे लिहिलेले असते: २० सेकंद जीव तोडून हालचाल, १० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. जपानमध्ये इझुमी टाबाटा यांनी केलेला हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणारे तरुण विद्यार्थी होते, बहुतेक शारीरिक शिक्षणाचे, आणि ते स्थिर सायकल चालवत होते. सायकलवर पाय जमिनीवर आपटत नाहीत. तोच २० आणि १० सेकंदांचा हिशेब उचलून फरशीवरच्या उड्यांना लावला, की हृदयाला मिळणारा फायदा कदाचित तसाच राहील, पण सांध्यांना द्यावी लागणारी किंमत अगदी वेगळी होते. म्हणून तुम्ही कार्यक्रम सोडू नका, त्यातल्या उड्या सोडा. उडीच्या जागी एक पाय बाजूला टाकून परत आणायचा, बर्पीच्या (खाली वाकून दोन्ही पाय मागे फेकायचे आणि उठून उडी मारायची, या प्रकाराच्या) जागी खुर्चीवर हात टेकून एकेक पाय मागे न्यायचा. दम तितकाच लागला पाहिजे, आवाज मात्र होता कामा नये. खालच्या आजींचाही प्रश्न त्यातून सुटेल.

आता साखरेचे. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांपैकी ज्यांनी आहार बदलला आणि नियमित चालणे किंवा तत्सम हालचाल ठेवली, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. तिथे कोणाला उड्या मारायला लावल्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, अशी आहे. हा दुसरा भाग आपल्याकडच्या स्त्रियांकडून नेहमी राहून जातो. जेवणानंतर वर जाणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू शोषून घेतात, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास हाडांनाही त्याच भाराची गरज असते.

पर्वतीबद्दल: चढणे तुमच्यासाठी उत्तम आहे, उतरणे सध्या नाही. गुडघा शांत होईपर्यंत सपाट रस्त्यावर भरभर चाला.

उत्तर २: बर्फातला मराठी

ताई, मी २०१० ते २०१६ अमेरिकेत मिनेसोटात होतो. तिथे जानेवारीत उणे २० अंश सेल्सिअस ही नेहमीची बाब आहे, त्यामुळे चार महिने घराबाहेर फिरणे मनातही येत नाही. त्या काळात मी ‘पी९०एक्स’ हा ९० दिवसांचा डीव्हीडी कार्यक्रम दोनदा पूर्ण केला, त्यामुळे व्हिडिओ कार्यक्रमांविषयी मला आदर आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्यात मला सर्वात मोलाचे वाटले ते वेळापत्रक. आठवड्यातून सहा दिवस काय करायचे ते छापलेले, तीन आठवडे कष्टाचे झाले की चौथा आठवडा हलका, आणि सुरू करण्याआधी स्वतःची चाचणी घ्या अशी स्पष्ट सूचना. पडद्यावरच्या चौघांपैकी कोणीतरी सोपा पर्यायही करून दाखवत असे. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाला ‘आज काय करू’ हा विचार करावा न लागणे हीच मोठी मदत असते. जिममध्ये वर्षाची फी भरून महिनाभरात जाणे सोडणारे मित्र मी पाहिले आहेत. मी मात्र फ्रिजवरच्या तक्त्यावर रोज फुली मारत राहिलो.

पण दुसऱ्या फेरीत मला त्याची मर्यादा कळली. पहिल्या ९० दिवसांत माझी ताकद पुष्कळ वाढली आणि दुसऱ्या ९० दिवसांत जवळजवळ काहीच वाढली नाही, कारण माझ्याकडचे डंबेल तेच होते. स्नायूला काही आठवड्यांनी थोडे जास्त वजन किंवा अधिक अवघड हालचाल द्यावी लागते. व्हिडिओ मात्र तुम्ही पहिल्यांदा पाहा की पन्नासाव्यांदा, तोच राहतो. दुसरी उणीव अशी की तो तुम्हाला पाहत नाही. वाकून डंबेल ओढताना माझी पाठ गोल होत होती आणि मला ती सरळच वाटत होती. पत्नीने एकदा बाजूने मोबाइलवर चित्रण केले तेव्हा मला ते दिसले, आणि कमरेच्या त्या कुरकुरीचा उगम कळला.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आठवड्यातून एकदा फोन खुर्चीवर टेकवून स्वतःचे बाजूने दोन मिनिटांचे चित्रण करा आणि पडद्यावरच्या हालचालीशी ताडून पाहा.

आणखी एक हिशेब देतो, कारण ‘एका सत्रात हजार कॅलरी’ अशा जाहिराती मन विचलित करतात. ६४ किलोच्या व्यक्तीला तासभर भरभर चालण्यात साधारण २५० कॅलरी लागतात आणि जोरकस व्यायामात तासाला सुमारे ५००. म्हणजे तुमचा २५ मिनिटांचा व्हिडिओ आणि ५० मिनिटांचे चालणे यांत कॅलरींचा फारसा फरक नाही. फरक वेळेचा आहे.

उत्तर ३: निवृत्त व्यायामशिक्षक, सातारा

मी शाळेत ३१ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. आपल्या सासूबाईंचे म्हणणे मी हलके मानणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी तो व्यायाम रुजवला. साहित्य नाही, खर्च नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, आणि संख्या वाढवत नेली की दमही चांगला लागतो. घरी करायचा, ठरलेल्या क्रमाचा आणि कोणालाही जमणारा कार्यक्रम म्हणून पाहिले, तर आज व्हिडिओकडून आपण जे मागतो त्यातले बरेचसे सूर्यनमस्काराने कधीच दिलेले आहे.

परंतु ‘बाकी कशाची गरज नाही’ हे मला मान्य नाही. सूर्यनमस्कारात शरीर वाकते, ताणले जाते आणि हातांनी जमीन रेटते. पण त्यात ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडाच्या पुढच्या बाजूला म्हणावे तसे काम मिळत नाही. आपल्या जुन्या तालमींना हे ठाऊक होते, म्हणून तिथे जोर-बैठकांच्या जोडीला दोरखंड चढणे होते, मल्लखांब होता, मुद्गल फिरवणे होते. आणि तालमीत वस्ताद असे. पोराची बैठक मारताना टाच उचलली जाते आहे, गुडघा आत पडतो आहे, हे तो दुरूनच ओळखत असे. मिनेसोटाच्या बंधूंनी लिहिलेली उणीव नेमकी तीच आहे, आणि माझ्या मते व्यायाम शिकताना तिच्याइतकी महाग दुसरी उणीव नाही. म्हणून निदान पहिले काही दिवस तरी कोणाच्या नजरेखाली शिका, मग वर्षानुवर्षे एकट्याने करा.

आपल्या गुडघ्यासाठी एक सूचना: अश्वसंचलनात मागचा गुडघा थेट फरशीवर टेकवू नका, खाली चौपदरी घडीची सतरंजी घ्या, आणि बारा नमस्कार घाईने घालण्याऐवजी सहा सावकाश, श्वास सांभाळून घाला.

उत्तर ४: कोथरूडची मावशी

जिमबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. वय ५३. मी वर्षाची फी भरायला नकार दिला आणि एका महिन्याची मागितली. थोडी जास्त पडली, पण मिळाली. त्या महिन्यात पाच गोष्टी नीट शिकून घेतल्या: खुर्चीवर बसल्यासारखी बैठक, कमरेतून वाकून वजन उचलणे, ओढणे, ढकलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे. प्रशिक्षक मोबाइलमध्ये डोके घालून बसत असेल तर ती जिम सोडून द्या, यंत्रे कितीही नवी असोत. आता मी ५ आणि ८ किलोच्या डंबेलवर घरीच करते.

सहकारनगरकर (सात आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. झालेले बदल लिहिते, म्हणजे माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

उड्या पूर्ण बंद केल्या आणि बूट घालून, जाड मॅटवर व्हिडिओ करते, पण आता आठवड्यातून दोनच दिवस. एका फिजिओथेरपिस्टना प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी नितंबाचे स्नायू कमजोर असल्याचे सांगून तीन व्यायाम दिले. जवळच्या जिममध्ये एक महिना मंगळवार-शुक्रवार गेले आणि मावशींनी सांगितलेल्या पाच हालचाली शिकले. आता त्या दोन दिवशी घरीच ५ किलोच्या डंबेलवर करते. उरलेले दोन दिवस सूर्यनमस्कार, सासूबाई समोर बसून मोजतात. रात्री जेवणानंतर यजमान आणि मी पंधरा-वीस मिनिटे सोसायटीभोवती चालतो, आणि खरे सांगायचे तर दिवसभरातला निवांत बोलण्याचा वेळ आम्हाला तेवढाच मिळतो.

चित्रण करून पाहिले तेव्हा बैठक घेताना माझा उजवा गुडघा दर वेळी आत वळत होता. दोन महिने मी ते रोज करत होते आणि मला त्याची जाणीवही नव्हती. आता जिना उतरताना दुखणे पुष्कळ कमी आहे. वजन ६२.३ किलो. एचबीए१सीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पर्वती पुन्हा केव्हा सुरू करावी?

फिजिओ नाशिक

छान प्रगती आहे, ताई. घरातल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उजवा पाय ठेवून, डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचे, असे १५ वेळा न दुखता आणि गुडघा आत न वळता जमले, की पर्वतीला जा. १०३ पायऱ्या पहिल्या आठवड्यात एकदाच चढा, उतरताना कठड्याचा आधार घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते पाहूनच पुढची खेप ठरवा.